पुरातल्या गाड्यांतील ३१ एअरबॅग: सांगलीतील एका भंगार यार्डाचे प्रकरण

पार्श्वभूमी

जुलै २०२१ च्या अखेरच्या आठवड्यात कृष्णेचे पाणी इर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून बरेच वर गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या पुढे गेलेले सांगलीकरांनी पाहिले होते, त्यामुळे या वेळी अनेकांनी आपल्या गाड्या आधीच विश्रामबाग आणि मिरजेच्या बाजूला उंचावर नेऊन लावल्या. ज्यांना ते जमले नाही त्यांच्या गाड्या दोन-तीन दिवस छतापर्यंत गाळाच्या पाण्यात उभ्या राहिल्या. विमा कंपन्यांनी अशा गाड्यांना ‘टोटल लॉस’, म्हणजे दुरुस्तीपलीकडच्या, ठरवले, त्यांचे सॅल्व्हेज, म्हणजे उरलेल्या गाड्या, लिलावात निघाले, आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्यांपैकी १७ गाड्या कुपवाडच्या बाजूला असलेल्या एका भंगार यार्डात येऊन पडल्या.

यार्डाचा मालक माझा जुना विद्यार्थी. मी त्या वेळी परिसरातल्या एका तंत्रशिक्षण संस्थेत मोटार विभागात शिकवत होतो. मालक, कामगार, गॅरेज आणि ज्या कंपन्यांचा या प्रकरणाशी संबंध आला त्या, यांतील कोणाचीही ओळख येथे दिलेली नाही. ओळख न देण्याच्या अटीवरच मालकाने हे लिहिण्यास संमती दिली, आणि त्याच्या चुका लपवू नयेत हेही त्यानेच सांगितले.

यार्डात तोपर्यंत येणाऱ्या गाड्या पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या असत. त्यांत एअरबॅग क्वचितच असे. चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली आणि शेजारच्या आसनासाठीची सक्ती २०२१ मध्ये आली, परंतु त्याआधीच अनेक गाड्यांच्या वरच्या श्रेणीत ती मिळू लागली होती. पुरात सापडलेल्या गाड्या तुलनेने नव्या होत्या. त्यामुळे ज्या कामगारांनी आयुष्यात एखाददुसरी एअरबॅग हाताळली असेल त्यांच्या हातात अचानक ढीग आला. १७ पैकी दोन जुन्या गाड्यांत एअरबॅग नव्हत्या. उरलेल्या १५ गाड्यांतून चालकाच्या बाजूच्या १५, शेजारच्या आसनापुढच्या १२ आणि एका महागड्या गाडीतून आसनातील दोन व छताच्या कडेला बसवलेल्या दोन पडदा-एअरबॅग, अशा एकूण ३१ निघाल्या. त्या काढताना बॅटरी जोडलेली नव्हती, एवढीच काय ती सावधगिरी पाळली गेली, आणि तीही पुरानंतर मूळ मालकांनी बॅटऱ्या आधीच काढून नेल्या होत्या म्हणून.

काढलेल्या एअरबॅग पोत्यांत भरून पत्र्याच्या शेडमध्ये एकावर एक टाकल्या होत्या. त्या शेडपासून दहा-बारा पावलांवर गॅस कटरने पत्रा कापण्याचे काम चालत असे.

अडचण उघडकीस कशी आली

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका हेल्परने चालकाच्या बाजूची एक एअरबॅग ‘चालू आहे का’ हे पाहण्यासाठी घेतली. ती फरशीवर पालथी, म्हणजे स्टिअरिंगवर दिसणारे झाकण खाली अशी ठेवलेली होती. पिवळ्या कनेक्टरमध्ये आतल्या दोन टोकांना आपोआप एकमेकांशी जोडून ठेवणारी एक पट्टी असते. कनेक्टर सुटा असताना चुकून प्रवाह आत जाऊ नये म्हणून ती केलेली असते. हेल्परने ती पट्टी टोकदार वस्तूने बाजूला सारली आणि गॅरेजमध्ये सर्रास वापरतात तो टेस्ट लॅम्प लावला. त्यात इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होता.

या ठिकाणी आकडे मांडले पाहिजेत, कारण आमच्याकडच्या बहुतेक मेकॅनिकना ते कधी कोणी सांगितलेलेच नाहीत. एअरबॅगच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे पिशवीत वायू भरणाऱ्या धातूच्या डब्यात, ठिणगी देणारा जो भाग असतो, ज्याला स्क्विब म्हणतात, त्याचा रोध साधारण दोन ओहम असतो. सुमारे १.२ अँपिअरचा प्रवाह दोन मिलिसेकंद मिळाला की तो पेटलाच पाहिजे अशा बेताने तो घडवलेला असतो. १२ व्होल्टवर २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो. तेव्हा हेल्परच्या हातात जे तपासणीचे साधन होते ते प्रत्यक्षात ती एअरबॅग फोडण्याचे साधन होते. मल्टिमीटरचा प्रवाह यापेक्षा फार कमी असतो, तरीही प्रत्येक गाडी कंपनीच्या पुस्तिकेत स्क्विबचा रोध मीटरने मोजू नये असे बजावलेले असते, आणि ते शब्दशः पाळायचे असते.

एअरबॅग डोळ्याची पापणी लवण्याच्या आत फुगते. चालकाच्या बाजूच्या पिशवीला पूर्ण भरायला तीस-चाळीस मिलिसेकंद पुरतात. ती पालथी असल्यामुळे पिशवी फरशीवर दाबली गेली आणि वरचा धातूचा सांगाडा उडून छताच्या पत्र्याला लागला. पत्र्याला नारळाएवढा खळगा पडला. हेल्पर शेजारी बसलेला होता, वाकलेला नव्हता, एवढ्याने त्याचे डोके वाचले. त्याच्या हाताला पुढच्या बाजूने भाजल्यासारखे खरचटले, दोन दिवस कानात आवाज येत राहिला, आणि डॉक्टरांनी कान तपासून पडदा शाबूत असल्याचे सांगितले.

त्याच संध्याकाळी मालकाचा फोन आला. मी सविस्तर विचारू लागलो तेव्हा कळले की आधीच्या आठवड्यांत गाड्यांचे मधले खांब गॅस कटरने कापताना दोनदा मोठा आवाज झाला होता. कामगारांनी तो ‘आत कुठेतरी हवा अडकली असेल’ म्हणून सोडून दिला होता. ती हवा नव्हती. आसनपट्टा अपघाताच्या क्षणी आवळून धरणारे प्रिटेन्शनर त्या खांबांच्या तळाशी असतात, आणि त्यांच्यातही एअरबॅगसारखाच स्फोटक दारूचा लहान भाग असतो. या दोन आवाजांची नोंद कोणी घेतली असती तर तिसरा झालाच नसता, असे मला आजही वाटते.

ट्रॅव्हल्सच्या कार्यालयातले पोते

फोनवर बोलणे संपवताना मालक सहज म्हणाला, “सर, त्यातले सहा मी आज पाठवले. बाकीचे सहा उद्या देतोय.” बाहेरच्या जिल्ह्यातील एका सुट्या भागांच्या व्यापाऱ्याने चालकाच्या बाजूच्या १२ एअरबॅगसाठी ३० हजार रुपये देऊ केले होते. पहिल्या सहा एका पोत्यात भरून खासगी ट्रॅव्हल्सच्या बुकिंग कार्यालयात ‘स्टिअरिंग पार्ट’ या नावाने दिल्या गेल्या होत्या आणि रात्री नऊच्या बसने त्या जाणार होत्या. तेव्हा पावणेआठ झाले होते.

सुटे भाग रात्रीच्या बसच्या डिकीतून पाठवणे ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे. सांगलीतून पुण्याला क्लच प्लेट, गिअरबॉक्सचे भाग, इंजिनाचे हेडसुद्धा असेच जाते, आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. म्हणूनच मालकाच्या मनात शंका आली नव्हती. पण या पोत्यात सहा इन्फ्लेटर सुटे, एकमेकांवर आदळत पडलेले होते. त्यांतल्या काहींच्या पिवळ्या कनेक्टरमधली पट्टी गाळाने गंजलेली होती. डिकी मागच्या इंजिनाच्या उष्णतेजवळ असते आणि तिच्या वर तीस-पस्तीस माणसे झोपलेली असतात. बसला आग लागली तर आग विझवायला येणाऱ्या जवानांना आत काय आहे याची कल्पनाही नसती.

संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या वर्गीकरणात विद्युत ठिणगीने चालणाऱ्या अशा सुरक्षा साधनांना ३२६८ हा क्रमांक आणि नववा वर्ग दिलेला आहे. अधिक धोकादायक ठरणारी साधने ०५०३ या क्रमांकाखाली थेट स्फोटकांच्या पहिल्या वर्गात जातात. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये धोकादायक माल नेणाऱ्या वाहनावर वर्गाचे चिन्ह, आपत्कालीन माहितीचा फलक आणि प्रशिक्षित चालक यांच्या अटी घातलेल्या आहेत. प्रवासी बसची डिकी यांपैकी कशातच बसत नाही. या वर्गीकरणातली एक तरतूद या प्रकरणाच्या मुळाशी जाते: हीच साधने गाडीत, किंवा आसन, दार, स्टिअरिंगचा दांडा अशा पूर्ण भागात बसवलेली असतात तोवर त्यांना धोकादायक माल मानले जात नाही. म्हणजे गाडी एअरबॅगसह टेम्पोवर चढवून नेली तर ती नुसती गाडी असते. एअरबॅग काढून पोत्यात घातली की त्या क्षणापासून तो वेगळा माल होतो. आमच्या यार्डातला सगळा घोळ ती बाहेर काढण्याच्या पहिल्या निर्णयापासून सुरू झाला होता.

आम्ही सव्वाआठला कार्यालयात पोहोचलो. बुकिंगवरच्या मुलाने आधी पावतीशिवाय पोते परत द्यायला नकार दिला, जे त्याच्या दृष्टीने बरोबरच होते. आत काय आहे हे मी त्याला स्पष्ट सांगितले. त्यानंतर त्याने पोते हात न लावता दाखवले आणि आम्हीच ते उचलले. तिथेच पायरीवर सहाही एअरबॅग बाहेर काढून, झाकण वर राहील अशा रीतीने, प्रत्येकीला वेगळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापडाच्या आधाराने ठेवून, छोट्या हत्तीच्या उघड्या हौद्यातून अगदी सावकाश परत आणल्या. ही वाहतूकही नियमांप्रमाणे झाली नाही, हे नमूद करणे मी आवश्यक समजतो. त्या रात्री दुसरा पर्याय सुचला नाही.

विचारात घेतलेले मार्ग

दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डात ३० एअरबॅग होत्या, अजून न कापलेल्या नऊ गाड्या होत्या आणि मालकाच्या डोक्यावर लिलावासाठी काढलेले कर्ज होते. कर्जाचा मुद्दा मी मुद्दाम येथे लिहितो, कारण तो बाजूला ठेवून केलेली चर्चा खोटी ठरली असती. ३० हजार ही त्याच्यासाठी लहान रक्कम नव्हती.

पहिला मार्ग अर्थात विक्रीचा. मालकाचे म्हणणे असे की माल चालू आहे, हेल्परच्या अपघाताने ते सिद्धच झाले. मी त्याला विचारले, “पुरात तीन दिवस भिजलेली एअरबॅग तू स्वतःच्या गाडीत बसवशील का?” तो गप्प राहिला. भिजलेला कनेक्टर गंजला तर अपघाताच्या वेळी ती फुटणारच नाही, हा एक धोका. दुसरा याहून भयंकर आहे. टकाटा कंपनीच्या अनेक इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेटवर आधारित दारू होती. वर्षानुवर्षे उष्ण, दमट हवेत राहिल्यावर ती दारू बिघडत गेली आणि फुटताना गरजेपेक्षा जास्त जोराने जळून इन्फ्लेटरचे धातूचे तुकडे चालकाच्या अंगात घुसले. जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलावाव्या लागल्या आणि जून २०१७ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. आमच्या ढिगातल्या कोणत्या इन्फ्लेटरमध्ये काय होते हे बाहेरून सांगता येत नव्हते. ओलाव्याने दारूचे काय होऊ शकते हे जगाला ठाऊक झाल्यानंतर पुराच्या पाण्यातला इन्फ्लेटर दुसऱ्याच्या छातीसमोर बसवण्यास मी तयार नव्हतो. मालकाने व्यापाऱ्याला नकार कळवला. त्या नकाराचे श्रेय त्याचेच आहे.

इन्फ्लेटर फोडून आतले धातू वेगळे करावे, असे एका अनुभवी कामगाराने सुचवले. हा मार्ग एका वाक्यात बंद केला. जुन्या गाड्यांच्या इन्फ्लेटरमध्ये सोडियम अझाइड असते. ते अत्यंत विषारी असते, आम्लाशी संयोग झाला की त्यातून विषारी आणि स्फोटक वायू निघतो, आणि तांबे किंवा शिशाशी मिळून ते संवेदनशील स्फोटक बनवते.

तसेच्या तसे भंगारात देणे सर्वांत सोपे होते आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचे. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात फौंड्र्या भरपूर आहेत, आणि भंगार दाबून गठ्ठे केले की त्यात काय गेले हे कोणाला दिसत नाही. न फुटलेला इन्फ्लेटर बंद डब्यासारखा असतो. तो वितळलेल्या धातूत पडला तर भट्टीजवळच्या माणसावर रस उडतो. पुरणे किंवा विहिरीत टाकणे यावर आम्ही वेळ घालवला नाही.

उरले दोन मार्ग. गाडी कंपन्यांच्या विक्रेत्यांमार्फत एअरबॅग परत पाठवणे, आणि त्या मोकळ्या जागी नियंत्रित रीतीने फोडणे. विक्रेत्यांच्या तीन बॉडी शॉपशी, म्हणजे गाडीचा सांगाडा दुरुस्त करणाऱ्या गॅरेजशी, बोललो. दोघांनी ‘आमच्याकडून विकलेली गाडी नाही’ म्हणून असमर्थता दाखवली. तिसऱ्याच्या व्यवस्थापकाने त्याच्या कंपनीच्या गाडीतल्या चार, म्हणजे आसनातल्या दोन आणि छताच्या दोन, परत घेण्याचे मान्य केले. छताच्या एअरबॅगमध्ये उच्च दाबाच्या वायूची नळकांडी असू शकतात, त्यामुळे त्या आमच्या हातून फोडण्यास मी कचरतच होतो. त्याच व्यवस्थापकाने फोडण्याची पद्धत सांगणारी पुस्तिकेची पाने दाखवली. गाडी भंगारात काढण्याचे केंद्राचे नवे नियम नुकतेच, २३ सप्टेंबर २०२१ ला, अधिसूचित झाले होते, पण नोंदणीकृत केंद्रे उभी राहायला अजून अवकाश होता. जे करायचे ते आम्हालाच करायचे होते.

केलेली कार्यवाही

पहिल्या दिवशी फक्त साठवण सुधारली. गॅस कटरचे काम बंद ठेवले. एअरबॅग पोत्यांतून काढून विटांच्या एका बंद खोलीत, झाकण वर, एकीवर दुसरी न ठेवता, लाकडी फळ्यांवर एका ओळीत मांडल्या. उचलताना झाकण अंगापासून बाहेरच्या दिशेला, वायर धरून कधीही नाही, आणि हात लावण्याआधी जमिनीत रोवलेल्या लोखंडी गजाला स्पर्श करून अंगावरची स्थिर वीज घालवायची, हे प्रत्येकाकडून करवून घेतले. जी हातातून पडेल ती चांगली समजायची नाही. खोलीला कुलूप आणि किल्ली एकाच माणसाकडे.

त्यानंतर नऊ न कापलेल्या गाड्या घेतल्या. त्यांतल्या आठांमध्ये मिळून १६ प्रिटेन्शनर शिल्लक होते. हे आम्ही गाडीतच फोडले. दारे बंद, काचा वर, प्रिटेन्शनरच्या जोडणीपासून १० मीटर लांब दोन तारा, त्यांची दुसरी टोके एकमेकांना पिळून ठेवलेली, आणि बॅटरी त्या टोकाला. सगळे मागे सरल्याची खात्री झाल्यावर एकाच माणसाने टोके सोडवून बॅटरीला लावायची. एरवी, बॅटरी जोडलेल्या गाडीवर काम करताना, तिचे ऋण टोक सोडल्यावर एअरबॅगच्या नियंत्रण पेटीतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, रिकामा होईपर्यंत थांबावे लागते; ही वेळ कंपनीनुसार दीड मिनिटापासून दहा मिनिटांपर्यंत वेगवेगळी दिलेली असते. आमच्या गाड्यांत बॅटऱ्या महिनाभरापासून नव्हत्या, तरी मी दहा मिनिटांचा नियम यार्डात त्याच दिवशी लावून घेतला. सोळाच्या सोळा प्रिटेन्शनर अर्ध्या दिवसात संपले. काही बांधावे लागले नाही, काही वाहून न्यावे लागले नाही.

सुट्या २६ एअरबॅगना दोन दिवस लागले. जागेची निवड करताना नोव्हेंबर उजाडला होता, उसाचा हंगाम सुरू झाला होता आणि यार्डामागच्या शेतात पाचट पसरलेले होते. तेथे ठिणगी परवडली नसती. मालकाच्या नातेवाइकांचा मुरमाचा एक उघडा माळ घेतला, पोलीस ठाण्याला आणि अग्निशमन विभागाला लेखी कळवले, पाण्याचा टँकर उभा केला. प्रत्येक एअरबॅग झाकण वर करून टायर बसवलेल्या लोखंडी रिमवर जाड तारेने घट्ट बांधली, तिच्यावर रिम काढलेले तीन टायर रचले आणि सर्वांत वर रिमसह एक टायर ठेवून सगळी चळत दोराने आवळली. इन्फ्लेटरचा धातू फाटलाच तर तुकडे टायरमध्ये अडकावेत, हा हेतू. असे तीन ढीग दूरदूर केले. माणसे वाऱ्याच्या वरच्या अंगाला, कानात बोळे, डोळ्यांवर चष्मे. तारा जोडेपर्यंत बॅटरीजवळ कोणी नाही, आणि बॅटरीजवळ माणूस असताना ढिगाजवळ कोणी नाही.

पहिल्या दिवशी १२ लावल्या आणि १२ फुटल्या. फुटल्यावर अर्धा तास हात लावायचा नाही असे ठरवले होते, कारण धातू तापलेला असतो. तिसऱ्या वेळी एक तरुण कामगार घाईने पुढे गेला आणि हातमोजा असूनही बोट पोळून परतला. पिशवीवर उरणारी पांढरी भुकटी बहुतांशी टाल्क किंवा स्टार्च असते, पण तिच्यात त्वचेला आणि डोळ्यांना झोंबणारे अल्कलीचे अंश असू शकतात, म्हणून हाताळणी हातमोजे घालून आणि नंतर हात साबणाने धुऊन केली.

न फुटलेल्या दोन

दुसऱ्या दिवशी १४ लावल्या. त्यांपैकी दोन फुटल्या नाहीत. हा या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय होता, आणि दडपणही सर्वांत जास्त येथेच होते, कारण सूर्य मावळतीला आला होता आणि टँकरवाल्याला जायचे होते. एकाने सुचवले की तारा घट्ट करून पुन्हा लावू. दुसऱ्याने म्हटले की वरून पाचट टाकून पेटवून देऊ, आगीत फुटेलच. इन्फ्लेटरमध्ये ठराविक तापमानाला आपोआप पेट घेण्याची सोय असते हे खरे, पण पाण्याने बिघडलेली दारू कशी जळेल हे कोणीच सांगू शकत नव्हते.

आम्ही बॅटरी बाजूला केली, तारांची टोके पुन्हा एकमेकांना पिळली आणि अर्धा तास थांबलो. मग मी एकटा जाऊन वरचे टायर काढले. एकीच्या कनेक्टरमध्ये गाळ दगडासारखा घट्ट बसला होता. दुसरीत बाहेरून काहीच दोष दिसेना. दोन्ही वाळू भरलेल्या पत्र्याच्या पिंपांत झाकण वर करून ठेवल्या, पिंपांवर तांबड्या रंगाने ‘न फुटलेली एअरबॅग, हात लावू नये’ असे लिहिले आणि खोलीत कुलूपबंद केल्या. पुन्हा प्रयत्न न करण्याचा निर्णय योग्य होता असे मी आजही मानतो. बॉडी शॉपच्या त्याच व्यवस्थापकाने वरपर्यंत पत्रव्यवहार केला आणि पाच आठवड्यांनी त्या दोन, आधीच्या चारांसह, योग्य खोक्यांत भरून नेण्यात आल्या. ते पाच आठवडे मालक रोज सकाळी कुलूप पाहून येत असे.

निष्पत्ती

३१ पैकी एक अपघाताने फुटली, २४ नियंत्रित रीतीने फोडल्या आणि सहा परत गेल्या. फुटलेल्या सांगाड्यांचे लोखंड आणि अॅल्युमिनियम भंगारात दिले. पिशव्यांचे नायलॉन वेगळे ठेवले. सगळे काम, टँकर, हातमोजे, तारा आणि बुडालेली विक्री धरून मालकाला जो तोटा झाला तो त्याने दोन हंगामांत भरून काढला. हेल्पर त्याच यार्डात आहे. आता नव्या कामगाराला पिवळा कनेक्टर तोच दाखवतो.

यार्डात त्यानंतर येणारी प्रत्येक गाडी आधी बाहेरच्या मोकळ्या जागेत उभी केली जाते. तिच्यातल्या एअरबॅग आणि प्रिटेन्शनर गाडीतच फोडल्याशिवाय तिला पाना लागत नाही. फोडून झाल्यावर छतावर पिवळी फुली मारतात. फुली नसलेल्या गाडीजवळ गॅस कटर नेणाऱ्याचा त्या दिवसाचा पगार कापला जातो. पगार कापणे मला आवडले नाही, पण फुलीचा नियम टिकला आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक एअरबॅग बाहेर काढण्याची, आणि ती मी येण्याआधी झाली होती. प्रिटेन्शनरना अर्धा दिवस आणि सुट्या एअरबॅगना दोन दिवस लागले, एवढी एकच तुलना पुरेशी आहे. शिवाय गाडीचा सांगाडाच ढाल होतो.

माझ्या हातून राहिलेल्या गोष्टीही आहेत. ट्रॅव्हल्सच्या कार्यालयातून पोते परत आणताना मी त्याच रात्री अग्निशमन विभागाला फोन करायला हवा होता. स्फोटकांविषयीचे कायदे राबवणाऱ्या पेसो या यंत्रणेचे मुख्यालय नागपुरात आहे. तिला पहिल्याच आठवड्यात लेखी विचारणा करायला हवी होती. आम्ही पोलिसांना आणि अग्निशमन विभागाला कळवले, पण तिला विचारण्याचे मनात येईपर्यंत काम संपत आले होते. गाड्यांचे चेसिस क्रमांक घेऊन त्या परत बोलावलेल्या गाड्यांत आहेत का हे संबंधित कंपन्यांकडून तपासले असते, तर टायरच्या ढिगात नेमके काय बांधले जात आहे हे आम्हाला आधी समजले असते. तसे न केल्याने सर्वच एअरबॅगना सर्वाधिक धोक्याच्या समजून वागावे लागले. ते सुरक्षित ठरले, पण ती समज आम्ही अंदाजाने केली होती.

आणि एक हिशेब जुळलेला नाही. माझ्याशी बोलणे होण्यापूर्वी ज्या आठ गाड्या कापल्या गेल्या, त्यांतल्या एका जुन्या गाडीत प्रिटेन्शनर नव्हते. उरलेल्या सात गाड्यांत प्रत्येकी दोन धरले तर १४ होतात. दोन कापताना फुटले. बाकी १२ पत्र्याच्या तुकड्यांबरोबर दोन ट्रकमधून गेले. मालकाने घेणाऱ्या व्यापाऱ्याला त्याच आठवड्यात फोन करून कळवले. व्यापाऱ्याने सांगितले की माल दाबून पुढे गेला आहे, आणि कोणत्या फौंड्रीत किती गेला याची नोंद त्याच्याकडे नाही.